एका गाडीत दोन ट्रान्सफर केस : माझ्या १९८५ च्या टोयोटा पिकअपचा अनुभव

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मागे भटकंतीच्या धाग्यावर मी रुबिकॉन ट्रेलचे (कॅलिफोर्नियातली मोठ्या दगडांची, फोर बाय फोरवाल्यांची वाट) फोटो टाकले होते. तेव्हा तिघाचौघांनी विचारलं होतं, गाडीत गिअरचे तीन दांडे कसले? त्याचं सविस्तर उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आज देतो. मी मूळचा सांगलीचा, बरीच वर्षं सॅक्रामेंटोजवळ राहतो. गाडी १९८५ ची टोयोटा फोर बाय फोर पिकअप, चार सिलिंडरचं २२आरई इंजिन, पाच गिअर. पुढचा अ‍ॅक्सल अखंड असलेलं हे शेवटचं वर्ष. १९८६ पासून टोयोटाने अमेरिकेतल्या पिकअपला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, म्हणून दगडांत गाडी घालणारे लोक आजही १९८५ ची शोधत फिरतात.

आधी ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. ती दोन कामं करते : ताकद पुढच्या चाकांकडेही वळवते, आणि 'लो'मध्ये टाकली की वेग आणखी कमी करून तेवढ्या पटीत ओढ वाढवते. माझ्या गाडीच्या केसमध्ये हाय म्हणजे १:१ आणि लो म्हणजे २.२८:१. पहिला गिअर ३.९५४ चा. अ‍ॅक्सलमधलं क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकांआधीची शेवटची गिअरची जोडी, मूळचं ४.१० चं होतं. तिन्हींचा गुणाकार केला की ३७ येतो. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे तेव्हा चाकाचा एक. याला क्रॉल रेशो म्हणतात.

३७ हा आकडा शेतातल्या चिखलाला आणि बर्फाला पुरतो. मोठ्या दगडांत पुरत नाही. लोमध्ये पहिला गिअर टाकला तरी गाडी ताशी तीन किलोमीटरच्या आसपास चालते, आणि कमरेएवढ्या दगडावर चाक चढवताना हा वेग फार होतो. मग माणूस क्लच अर्धा दाबून धरतो. क्लच जळतो, गाडी उडी मारते, चाक आपटतं आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा बर्फिल्ड जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा) फुटतो. माझे दोन असेच फुटले. त्यातला एक रुबिकॉनवर लून लेकच्या बाजूने आत शिरल्यावर पहिल्याच दगडी उतारावर, गेटकीपर म्हणतात त्याला, तिथे.

यावर कॅलिफोर्नियातल्या टोयोटावाल्यांनी १९९० च्या दशकात एक तोडगा काढला. मार्लिन चायकोव्स्की या माणसाचं नाव त्यात सगळ्यात पुढे घेतलं जातं. मार्लिन क्रॉलर ही कंपनी त्याचीच. जुन्या चार सिलिंडरच्या टोयोटाची केस गिअरवर चालते, तिच्यात साखळी नसते, आणि ती दोन भागांत उघडते. पुढच्या भागात वेग कमी करणारे गिअर, मागच्या भागात पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारी रचना. मग करायचं काय, तर भंगारातून दुसरी केस आणायची, तिचा फक्त पुढचा भाग घ्यायचा आणि अ‍ॅडॉप्टर प्लेट लावून तो आपल्या मूळ केसच्या पुढे जोडायचा. दांडे तीन होतात ते यामुळेच : एक गिअरबॉक्सचा, दोन या दोन पेट्यांचे. आता लो दोनदा लागतो. २.२८ गुणिले २.२८, म्हणजे जवळपास ५.२.

मी ३३ इंची टायर लावताना क्राऊन-पिनियन ४.८८ चं करून घेतलं होतं. त्यामुळे आता पहिला गिअर, दोन्ही लो मिळून १०० चा रेशो येतो. इंजिन ८०० फेऱ्यांवर संथ चालू असताना चाक मिनिटाला आठ फेरे घेतं. ताशी सव्वा किलोमीटर. एक्सलरेटरवर पाय नाही, क्लचवर पाय नाही, ब्रेकवरही नाही. चाक दगडाला टेकतं, टायर जरा दबतो आणि गाडी वर येते.

हे सगळं मी ताकदीसाठी केलं असं लोकांना वाटतं. ताकद मिळते हे खरं, पण मला हवा होता तो संथपणा. गाडी संथ झाली की मोडतोड कमी होते, वाटेवरचे दगड उखडत नाहीत आणि शेजारी बसलेल्या माणसाची मान शाबूत राहते. दुसऱ्या लोच्या पहिल्या दिवशी माझी मुलगी खाली उतरून चाकासमोर उलटी चालत मला वाट दाखवत होती. तिला एकदाही मागे उडी मारावी लागली नाही.

जोडणी कशी केली ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, इथे फार लांबेल.

नवखा_चालक

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका : हायवेवर काय होतं? दोन केस म्हणजे गाडी रस्त्यावर पण मंद झाली का?

कृष्णाकाठ

नाही. दोन्ही हायमध्ये ठेवल्या की १:१ गुणिले १:१. रस्त्यावर काही फरक नाही. स्पीडोमीटरची केबल मागच्या केसच्या आउटपुटवरून निघते, त्यामुळे काटाही बरोबरच दाखवतो.

उलट एक सोय वाढली. मूळ केसमध्ये लो टाकला की चारही चाकं आपोआप जोडली जातात. आता पुढची (नवी जोडलेली) पेटी लोमध्ये आणि मागची टू-व्हील हायमध्ये ठेवली, तर फक्त मागच्या चाकांवर लो मिळतो. ट्रेलर मागे घेताना, डांबरी चढावर बोट ओढताना हे फार कामाला येतं. कोरड्या डांबरावर चारही चाकं जोडून वळवलं तर गाडी आखडते हे फोर बाय फोरवाल्यांना माहीतच आहे.

डोंगरयात्री

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत, दादा. जोडणीचं लवकर लिहा.

कृष्णाकाठ

लिहितो. गॅरेजमध्ये जसं घडलं त्याच क्रमाने.

सगळ्यात आधी स्प्लाइन, म्हणजे शाफ्ट एकमेकांत गुंतवणारे लांब दात, मोजा. मी इथेच चुकलो. चार सिलिंडरच्या गाड्यांच्या केसचा इनपुट २१ स्प्लाइनचा असतो, टर्बो आणि व्ही-६ वाल्यांच्या गिअरबॉक्सला २३ चा, आणि तो जास्त दणकट. मी २१ चं किट मागवलं आणि जुन्या सामानवाल्याकडून जी केस आणली तिचा इनपुट निघाला २३ चा. विकणारा छातीठोकपणे २१ सांगत होता. तीन आठवडे गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) उभी राहिली. केस हातात आल्यावर पैसे द्यायच्या आधी दात बोटाने मोजायचे, खूण करून, दोनदा.

दुसरं म्हणजे दांडा. टोयोटाच्या काही केसमध्ये दांडा थेट केसच्या डोक्यातून वर येतो, काहींमध्ये तो पुढे गिअरबॉक्सच्या शेपटीतून येतो. त्यांना टॉप-शिफ्ट आणि फॉरवर्ड-शिफ्ट म्हणतात. कोणती पेटी कुठे बसवणार यावर फरशीला भोक कुठे पाडायचं ते ठरतं. गालिचा काढून पुठ्ठ्याचा साचा केला, दांडा सगळ्या स्थितींत हलवून बघितला, आणि मगच पत्रा कापला.

भंगारातून आणलेली पेटी पूर्ण उघडली. बेरिंग आणि ऑइल सील नवे घातले, गिअरच्या दातांना खड्डे नाहीत ना ते भिंगाने पाहिलं. जुनी पेटी तशीच बसवू नका, हे कळकळीने सांगतो. एकदा ती गिअरबॉक्स आणि मूळ केस यांच्या मध्ये गेली की एका सीलसाठी सगळं पुन्हा खाली उतरवावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. पुढची पेटी आणि प्लेट मिळून मागची केस सुमारे साडेसहा इंच मागे सरकते. सगळ्या अडचणी या साडेसहा इंचातून येतात. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (केसपासून चाकांकडे ताकद नेणारा) तेवढा लांब करायचा, मागचा तेवढाच आखूड. स्पीडोची केबल आणि फोर-व्हीलच्या दिव्याची वायर तिथवर पोचत नाही, ती वाढवायची. मूळ क्रॉसमेंबर, म्हणजे चेसीतला खालून टेकू देणारा आडवा भाग, चुकीच्या जागी राहतो.

त्या क्रॉसमेंबरपायी मला मोठा फटका बसला. पहिल्या वेळी मूळचा तसाच ठेवला. मनात आलं, बोल्ट घट्ट आहेत, केस कुठे जाते. पण एवढं वजन मागे लोंबकळत होतं, आणि लो-लोमध्ये, म्हणजे दोन्ही पेट्या लोमध्ये असताना, केस स्वतःच उलट दिशेने पिळली जाते. दोन सहलींनंतर गिअरबॉक्सच्या मागच्या अ‍ॅल्युमिनियम हौसिंगला अगदी बारीक चीर दिसली, तीही तेल झिरपलं म्हणून. नवं हौसिंग, नवा क्रॉसमेंबर. आता मागच्या केसखाली जाड पाइपचा क्रॉसमेंबर आहे, चेसीला दोन्ही बाजूंनी बोल्टने लावलेला, मध्ये रबरी बुश. वेल्ड करून कायमचा बसवू नका. उद्या केस खाली घ्यायची झाली तर तो काढता आला पाहिजे.

शाफ्टची मापं गाडी चाकांवर उभी असताना घ्या. मग अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबू द्या आणि परत घ्या. सरकता भाग दोन्ही टोकांना गुंतलेला राहिला पाहिजे. खाली सुटूनही येऊ नये, वर आपटूही नये. मागचा शाफ्ट आखूड झाला की त्याचा कोन तीव्र होतो. माझ्या पिकअपचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १०३ इंच आहे, तरी मला वरच्या टोकाला दुहेरी क्रॉसचा जॉइंट लावावा लागला, आणि पिनियनचं तोंड थोडं वर करावं लागलं. नाहीतर ताशी ८० ला सीट थरथरत होती.

लेथमास्तर

कोल्हापुरात उद्यमनगरला आमचं मशीन शॉप आहे. धागा दोनदा वाचला. अ‍ॅडॉप्टर प्लेट इथे बनवता येईल का? चांगलं अ‍ॅल्युमिनियम मिळतं, व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग यंत्र) आहे. नुसती प्लेटच तर आहे.

कृष्णाकाठ

मास्तर, तुमच्यासारख्याने बनवली तर नक्की होईल, पण 'नुसती प्लेट' म्हणू नका. पुढच्या पेटीचा आउटपुट आणि मागच्या केसचा इनपुट एका रेषेत हवेत. बोल्टची भोकं ती रेषा धरून ठेवत नाहीत, ती डॉवेल पिना (जागा अचूक धरणाऱ्या खिळ्या) आणि मधला बोअर धरतो. रेषा जरा चुकली तर गाडी चालते, आवाजही लगेच येत नाही, पण इनपुटचं बेरिंग खाल्लं जातं. शिवाय मध्ये जोडणारा शाफ्ट असतो. त्याचे स्प्लाइन आणि हीट ट्रीटमेंट हे वेगळंच काम आहे. मी तयार किट घेतलं.

लेथमास्तर

समजलं. दोन्ही बाजूंचे बोअर एकाच सेटिंगमध्ये मारायचे, जॉब उलटा करायचा नाही. डायल लावून ०.०५ मिलिमीटरच्या आत बसलं नाही तर जॉब रद्द. शाफ्टला मात्र मी हात घालणार नाही. तिथे पोलाद, दातांचा आकार, वरचा कडकपणा आणि आतली चिवटाई हे सगळं जमायला लागतं. तुटला तर उतारावर तुटणार.

जिप्सीवाला_पुणे

मी याचीच वाट बघत होतो! माझ्याकडे जिप्सी आहे. जिप्सीची ट्रान्सफर केस तर गिअरबॉक्सपासून सुटीच असते, मध्ये छोटा शाफ्ट. मग दुसरी केस मध्ये टाकणं टोयोटापेक्षा सोपं पडेल ना? भंगारात जिप्सीच्या केस मिळतात. क्रॉसमेंबर वगैरे मी करून घेईन.

कृष्णाकाठ

मित्रा, थांब. जागेचा प्रश्न नंतर, आधी आकडे बघ. सुझुकीची केस हायमध्ये १:१ नसते. १.३ लिटरच्या सामुराईत हाय १.४०९ आणि लो २.२६८. जिप्सी त्याच घराण्यातली. आता दोन केस एकामागे एक लाव. दोन्ही हायमध्ये असतानाही तुझ्याकडे १.४०९ ची जादा घट कायमची येऊन बसली. आज ताशी ११३ ला इंजिन जेवढं ओरडतं, तेवढं ते ८० ला ओरडेल. डिझेल-पेट्रोलचा खर्च सोड, पुण्याहून ट्रेलच्या पायथ्यापर्यंत जाणंच नकोसं होईल.

टोयोटात ही युक्ती जमते ती हाय १:१ आहे म्हणूनच.

सामुराईवाले बहुतेक वेगळ्या वाटेने जातात. केस एकच ठेवतात आणि तिच्या पोटातले गिअर बदलतात. ४.१६ चा सेट खूप लोकप्रिय आहे, ६.५ चाही मिळतो. हिशोब कर : सामुराईचा पहिला गिअर ३.६५२, अ‍ॅक्सल ३.७३. मूळ लोने क्रॉल रेशो ३१ च्या आसपास. ४.१६ ने तो ५६-५७ होतो. ६.५ ने ८८. केसची लांबी तीच, शाफ्ट तेच, दांडा तोच. आखूड गाडीला हेच योग्य. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर, त्यात अजून एक पेटी घातली तर मागच्या शाफ्टचा कोन जपणं कठीण जाईल.

जिप्सीवाला_पुणे

बरं झालं विचारलं. भंगारवाल्याला मी उद्याच पैसे देणार होतो.

अबोली

चांगला धागा. मी चिपळूणजवळ राहते, बागेच्या कामाला जुनी फोर बाय फोर जीप रोज चालवते. भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर निकालही दिला आहे. मोठे टायर, वेगळं इंजिन, चेसीत कापाकापी यांवर आरटीओची नजर असते. अपघात झाला तर विमा कंपनी पहिली तेच बघते. अमेरिकेतलं वाचून कुणी इथे घाई करू नये.

आता माझा प्रश्न. कृष्णाकाठदादा, उतारावर काय अनुभव? चढण्यापेक्षा मला पावसाळ्यात जांभ्याच्या ओल्या उतारावरून खाली येताना जास्त धास्ती वाटते.

कृष्णाकाठ

अबोलीताई, कायद्याचं सांगितलंत ते फार बरं केलंत. इथे कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी असते, पण ट्रान्सफर केसचा त्याच्याशी संबंध येत नाही. भारतातली परिस्थिती तुम्ही म्हणता तशी आहे.

उताराबद्दल तुम्ही विचारलंत, आणि खरं सांगू का, ही जोडणी मला सगळ्यात जास्त आवडते ती उतारावरच. एका लोमध्ये तीव्र उतारावर इंजिन गाडीला पुरतं अडवू शकत नाही, म्हणून ब्रेक लावावा लागतो. ब्रेक लागला की ओल्या दगडावर एखादं चाक थांबतं. थांबलेलं चाक घसरतं, आणि घसरत्या पुढच्या चाकाने गाडी वळत नाही. लो-लोमध्ये चारही चाकं फिरत राहतात, फक्त अगदी हळू. गाडी वळवता येते. पाय ब्रेकवर तयार ठेवायचा, पण दाबावा लागत नाही.

एक सावधगिरी. लो-लोमध्ये उतारावर चुकूनही क्लच दाबायचा नाही. दाबला की इंजिनाची पकड एका क्षणात सुटते आणि गाडी धावत सुटते. सवयीने पाय जातो. मी नवख्याला चालवायला देतो तेव्हा डावा पाय सीटजवळ ओढून घ्यायला सांगतो.

गाडी बंद पडली तरी क्लचची गरज नाही. गिअरमध्येच स्टार्टर मारला की एवढ्या रेशोला स्टार्टरच गाडी इंचाइंचाने पुढे नेतो आणि इंजिन चालू होतं. काही टोयोटांना त्यासाठी क्लच न दाबता स्टार्ट करण्याचं बटण कंपनीनेच दिलेलं असे.

वाळवंटी

मस्कतहून. आमच्याकडे वाळूत उलटं गणित असतं, तिथे चाकाला वेग लागतो, म्हणून दोन लोचा वाळूत उपयोग शून्य. पण हजर पर्वतातल्या वाड्यांमध्ये, म्हणजे कोरड्या नदीपात्रांत, गोटेच गोटे. तिथे ही जोडणी मला हवीहवीशी वाटते. दादा, मोडतोडीचं लिहा ना. इतकी ओढ वाढली की पुढे काय तुटतं?

कृष्णाकाठ

वाळूबद्दल पूर्ण सहमत.

तुटण्याबद्दल : मागच्या केसपासून चाकांपर्यंत सगळं २.२८ पट भार घेतं. मागची केस, तिचा आउटपुट शाफ्ट, प्रॉपेलरचे क्रॉस, क्राऊन-पिनियन, हाफ शाफ्ट, पुढचे बर्फिल्ड. पण हा भार कागदावरचा. प्रत्यक्षात टायर घसरला की भार तिथेच थांबतो. धोका असतो तो टायर घसरू शकत नाही तेव्हा, म्हणजे चाक दोन दगडांच्या फटीत अडकलेलं, डिफरन्शियल लॉक केलेलं आणि स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलेलं. तेव्हा एक्सलरेटर दिला की काहीतरी जाणारच.

माझे बर्फिल्ड दुसरी केस लावल्यापासून फुटलेले नाहीत. याचं कारण भाग मजबूत झाले हे नाही. अजून तेच मूळ मापाचे आहेत. मी धक्का देणं बंद केलं एवढंच. चाक अडकलं आणि इंजिनाचा आवाज जड झाला की थांबतो, एक फूट मागे घेतो, स्टिअरिंग सरळ करून वेगळी रेघ धरतो. सव्वा किलोमीटरच्या वेगाला विचार करायला वेळ मिळतो.

एक अपघात होता होता वाचला, तोही सांगतो. दोन पेट्या म्हणजे दोन न्यूट्रल. यातली एकही न्यूट्रलमध्ये राहिली तर गिअरबॉक्स पहिल्या गिअरमध्ये असूनही चाकं मोकळी. रुबिकॉन स्प्रिंग्जच्या तळावर मी गाडी गिअरमध्ये टाकून उतरलो, पुढचा दांडा मध्येच राहिला होता. गाडी चार पावलं मागे गेली आणि झाडाच्या बुंध्याला टेकली. मागे कुणी नव्हतं. त्या दिवसापासून हँडब्रेक आधी, मग चाकाला दगड, मग इंजिन बंद, आणि दोन्ही दांडे हाताने हलवून बघायचे. घरच्या सगळ्यांना हाच क्रम शिकवलाय.

डोंगरयात्री

माझ्याकडे जुनी महिंद्राची जीप आहे, स्पायसर १८ ट्रान्सफर केसवाली. लो २.४६. त्यात मागे एक गोल झाकण असतं पीटीओसाठी, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला द्यायला. तिथून काही जोडता येतं का?

कृष्णाकाठ

त्या झाकणाच्या जागी अमेरिकेत पूर्वी ओव्हरड्राइव्ह बसवत, वॉर्नचा प्रसिद्ध होता. पण त्याचं काम उलटं, रस्त्यावर इंजिनाचे फेरे कमी करायचे. क्रॉल रेशोला त्याचा उपयोग नाही. तुमच्या २.४६ च्या लोला टायर मूळ मापाचे असतील तर सह्याद्रीतल्या वाटांना ती जीप पुरून उरते. खर्च करायचाच असेल तर आधी किंगपिनची (पुढचं चाक वळतं त्या खुंटीची) बेरिंग आणि ब्रेक करून घ्या.

नवखा_चालक

शेवटचा प्रश्न. आजकाल कंपनीकडूनच खोल लो मिळतो ना? मग एवढा खटाटोप कशाला?

कृष्णाकाठ

मिळतो. जीपने रँग्लर रुबिकॉन २००३ च्या मॉडेलला ४:१ ची केस कारखान्यातूनच दिली, आणि ती उत्तम आहे. नवी गाडी घ्यायची असेल तर तीच घ्यावी. पण दोन पेट्यांत एक गोष्ट जास्त मिळते : मधला टप्पा. ४:१ वाल्याला एकतर १ नाहीतर ४. मला १, २.२८ आणि ५.२ असे तीन. कच्च्या रस्त्यावर २.२८ लावून दिवसभर फिरायचं, दगड आले की ५.२. काहीजण मागच्या केसमध्ये ४.७ चा सेट घालतात, मग १, २.२८, ४.७ आणि १०.७ असे चार टप्पे होतात. १०.७ मी मित्राच्या गाडीत चालवून पाहिला. माझ्या वाटांना तो फारच खोल वाटला, तिसऱ्या गिअरमध्येच चालवत राहिलो.

जिप्सीवाला_पुणे

दादा, ४.१६ च्या सेटचं ठरवतोय. अबोलीताईंनी सांगितलेलं वकील मित्राला विचारून मगच. तोवर गाडीचं काय तपासू?

कृष्णाकाठ

अ‍ॅक्सलचा रेशो स्वतः मोज. मागची दोन्ही चाकं वर घे, पुढच्या चाकांना दगड लाव, गाडी न्यूट्रलला. प्रॉपेलरवर आणि टायरवर खडूने खूण कर. दोन्ही चाकं एकत्र एक पूर्ण फेरा फिरव, कुणाला तरी दुसऱ्या बाजूला बसव, आणि शाफ्टचे फेरे मोज. आलेला आकडा तोच रेशो. मग केसचे रबरी माउंट बघ. जिप्सीची केस तीन रबरांवर लटकते आणि जुनी रबरं सैल झाली की केस लोमध्ये पिळते. गिअर सेटच्या आधी रबरं नवी घाल.

लेथमास्तर

कृष्णाकाठ साहेब, तो पाइपचा क्रॉसमेंबर खालून कसा दिसतो त्याचा फोटो टाकाल का? बुशची जागा नीट बघायची आहे. शेजारी फूटपट्टी ठेवा म्हणजे माप कळेल.

कृष्णाकाठ

शनिवारी गाडी घोड्यांवर घेणारच आहे, मागच्या आउटपुटच्या सीलपाशी एक थेंब दिसतोय. खालून, बाजूने आणि बुश उघडून असे तिन्ही फोटो फुटपट्टीसह इथेच टाकतो.